लेक भारताकडून रग्बी खेळली, तर तिशीनंतर तिचं काय?

ऐरोलीच्या एका वडिलांनी विचारलेला प्रश्न असा: मुलगी १९ वर्षांची, वाशीला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. शाळेत कबड्डी खेळायची, अकरावीत मैत्रिणीबरोबर रग्बीच्या सरावाला गेली आणि तिथेच रमली. राज्याकडून दोनदा खेळली, आता राष्ट्रीय शिबिराचं बोलावणं आलंय. शिबिर नेमकं परीक्षेच्या तारखांवर. ती म्हणते, एक वर्ष ड्रॉप घेते. वडील विचारतात, आंतरराष्ट्रीय रग्बीपटूचं करिअर किती वर्षं चालतं, पैसे मिळतात का, आणि खेळ सुटल्यावर या लोकांचं पुढे काय होतं? डोक्याला मार बसून चाळिशीतच विसरायला होतं असं त्यांनी कुठेतरी वाचलंय, ते खरं का?

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझं बोलणं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. ठाण्यात नौपाड्याला माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे, बावीस वर्षं झाली. त्याआधी मुंबईत क्लबकडून रग्बी खेळलो, हुकर म्हणून, म्हणजे स्क्रममध्ये (दोन्ही संघांचे पुढचे खेळाडू एकमेकांत अडकून ढकलाढकली करतात त्यात) पहिल्या ओळीत दोन धिप्पाड माणसांच्या मध्ये अडकलेला तिसरा. भारताकडून खेळलो नाही. १९९८ साली सिंगापूरविरुद्ध भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला तेव्हा माझा उजवा हात गळ्यात बांधलेला होता. नंतर मैदानाच्या कडेला बर्फाची पेटी घेऊन पुष्कळ सामने काढले. त्यामुळे जे सांगतोय ते बहुतेक खेळाडूंच्या गुडघ्यांवरून, खांद्यांवरून आणि त्यांच्या आयांशी झालेल्या बोलण्यावरून.

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत, पण माझ्या मते तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे. करिअर किती वर्षांचं हे कुणीच सांगू शकत नाही, तुमची मुलगी तर नाहीच. न्यूझीलंडच्या जोना लोमूला १९९५च्या वर्ल्ड कपमध्ये इंग्लंडविरुद्ध चार ट्राय मारताना (बॉल समोरच्यांच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवला की ट्राय) ज्यांनी पाहिलं, त्यांना वाटलं हा पस्तिशीपर्यंत थांबत नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस मूत्रपिंडाचा आजार निघाला. तो शेवटची कसोटी, म्हणजे आंतरराष्ट्रीय सामना, २००२ मध्ये, २७व्या वर्षी खेळला, २००४ मध्ये मूत्रपिंड बदललं आणि २०१५ मध्ये चाळिसाव्या वर्षी गेला. थांबायची तारीख गुडघा ठरवतो, निवड समिती ठरवते, कधी कधी घरचे लोक लग्न ठरवून टाकतात. तेव्हा विचारायचं हे, की ती तारीख उद्याच आली तर त्या दिवशी तिच्या हातात काय असेल?

याचं उत्तर बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे हे आधीच कबूल करतो. ती सातजणींचा खेळ खेळणार की पंधराजणींचा, विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेने, धावणार की पुढच्या ओळीत ढकलणार, घरात दुसरं कमावणारं कोण, आधी काही दुखापत झालीय का. यातलं मला काहीच माहीत नाही. पण एक गोष्ट सगळ्यांना सारखीच लागू आहे, ती आधी सांगतो.

रग्बी हा खेळ जुना, त्यातला पैसा नवा. जुना म्हणजे किती? कलकत्त्यातला इंग्रजांचा रग्बी क्लब १८७८च्या सुमारास बंद पडला तेव्हा बँकेत शिल्लक राहिलेले चांदीचे रुपये वितळवून त्यांनी एक चषक घडवला आणि विलायतेला पाठवून दिला. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्या कलकत्ता कपसाठी खेळतात. म्हणजे या खेळातला एक जुना मानाचा चषक आपल्या रुपयांचा आहे. आणि तरीही २६ ऑगस्ट १९९५ पर्यंत पंधराजणांच्या रग्बीत खेळण्याचे पैसे घेणं अधिकृतपणे मना होतं. वेल्सचा, न्यूझीलंडचा आंतरराष्ट्रीय खेळाडू शनिवारी पन्नास हजार लोकांसमोर खेळायचा आणि सोमवारी शेतावर, शाळेत, पोलीस चौकीत नाहीतर इस्पितळात कामाला हजर असायचा. १९९५ नंतर तो पगारी खेळाडू झाला.

भारतातला, आणि त्यातही भारतातली, आंतरराष्ट्रीय रग्बीपटू आज १९९५च्या आधीच्या वेल्समध्ये राहते असं समजा. भारतीय महिलांचा पंधराजणींचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना २०१८ मध्ये झाला, पहिला विजय २०१९ मध्ये सिंगापूरवर. शिबिराचा, प्रवासाचा, राहण्याजेवणाचा खर्च होतो, भत्ता मिळतो, पण त्यावर घर चालेल असा पगार नाही. जून २०२५ मध्ये अंधेरीच्या शहाजी राजे क्रीडा संकुलात सहा संघांची पहिली रग्बी प्रीमियर लीग झाली, ती मोठी गोष्ट होती, पण ती पुरुषांची होती आणि पंधरा दिवसांची होती.

आता तुम्ही म्हणाल, नेरुळला डी. वाय. पाटीलवर मुलींनी क्रिकेटचा वर्ल्ड कप जिंकलाच की. २ नोव्हेंबर २०२५ नंतर माझ्याकडे येणारा दर दुसरा बाप हे बोलतो, आणि मला आनंदच होतो. पण भारतीय महिला क्रिकेटची पहिली कसोटी १९७६ची. समान मानधनाची घोषणा २०२२ची, मुलींची प्रीमियर लीग (डब्ल्यूपीएल) २०२३ची. मधली शेहेचाळीस वर्षं ज्या बायका खेळल्या त्या कशावर जगल्या? रेल्वेच्या नोकरीवर, बँकेच्या नोकरीवर, वडिलांवर. रग्बीत तुमची मुलगी त्या मधल्या वर्षांतली आहे. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही, फक्त कुठल्या वर्षात उभे आहोत ते माहीत असावं.

म्हणून उदाहरण घ्यायचं तर त्या काळातलं घ्या. वेल्सचा जे. पी. आर. विल्यम्स, सत्तरच्या दशकातला जगातला उत्तम फुलबॅक, म्हणजे सगळ्यांच्या मागे उभा राहणारा शेवटचा खेळाडू, ५५ कसोट्या. खेळता खेळता डॉक्टर झाला, पुढे हाडांचा सर्जन. १९७८ मध्ये ब्रिजेंड क्लबकडून ऑल ब्लॅक्सविरुद्ध (म्हणजे न्यूझीलंडच्या संघाविरुद्ध) खेळताना एका खिळ्याच्या बुटाने त्याचा गाल फाडला. त्याचे वडीलही डॉक्टर, त्यांनी तिथेच तीसेक टाके घातले आणि हा पुन्हा मैदानात उतरला. (हे अनुकरणीय अजिबात नाही, पण गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.) आंतरराष्ट्रीय खेळ सुटला त्या दिवशी त्याच्या आयुष्यात फक्त शनिवार रिकामा झाला, आठवडा नाही. शनिवारही पुरता रिकामा झाला नाही म्हणा, पन्नाशी उलटेपर्यंत तो एका छोट्या क्लबच्या खालच्या संघातून खेळत होता. २०२४ मध्ये ७४व्या वर्षी वारला.

पगारी जमान्यातही हे जमवणारे आहेत. वेल्सचाच जेमी रॉबर्ट्स ९४ कसोट्या खेळला आणि मधेच, २०१३ मध्ये, कार्डिफहून वैद्यकीय पदवी घेतली. इतरांपेक्षा जास्त वर्षं लागली, एवढंच. आणि इतक्या लांब कशाला जायचं, २०१८च्या त्या पहिल्या सामन्यात भारताची कर्णधार होती पुण्याची वाहबिझ भरुचा, ती फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याच धंद्यातली असल्यामुळे हे नाव मी जरा जास्तच वेळा घेतो, ते चालवून घ्या.

आता शरीराचं. इथे जरा थांबणार आहे, कारण घरच्यांना भीती डोक्याची असते आणि खेळ बहुतेक वेळा संपवतो गुडघा.

गेल्या पावसाळ्यात एक मुलगी क्लिनिकमध्ये आली, साधारण तुमच्या मुलीच्या वयाची. आईच्या खांद्यावर हात टाकून, डावा पाय अधांतरी. काय झालं विचारलं तर म्हणाली, "सर, कुणी धक्कापण नाही दिला. बॉल घेऊन उजवीकडे वळले आणि आतून टक्कन आवाज आला." एवढं ऐकलं की मी मनात निम्मं निदान केलेलं असतं. गुडघा थोडा वाकवून मांडी एका हाताने धरली, नडगी दुसऱ्या हाताने पुढे ओढली. चांगल्या गुडघ्यात नडगी थोडीशी सरकते आणि दोरी ताणल्यासारखी टच्च थांबते. हिची थांबलीच नाही, सरकत राहिली. एमआरआय नंतर झाला, पण मला तिच्या आईचा चेहरा त्या क्षणापासून आठवतो, कारण तिला माझ्या चेहऱ्यावरून कळलं. एसीएल, गुडघ्याच्या आतली पुढची दोरी, तुटली होती.

मुलींमध्ये ही दुखापत त्याच खेळातल्या मुलांपेक्षा दुपटीहून जास्त आढळते. कमरेची ठेवण, उडी मारून उतरताना गुडघा आत वळण्याची सवय, मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद, शिवाय लहानपणापासून व्यायामशाळेचं तोंड न पाहिलेलं असणं, अशी सगळी मिळून कारणं. यातलं शेवटचं आपल्या हातात आहे. शस्त्रक्रिया झाली तर पुन्हा सामना खेळायला किमान नऊ महिने लागतात. ही मुलगी पाचव्या महिन्यात तलावपाळीला फेऱ्या मारत होती आणि मला सांगत होती, "सर, आता काहीच दुखत नाही." दुखत नाही म्हणजे बरं झालं, हा खेळाडूंचा सगळ्यात महाग गैरसमज. बसवलेली नवी दोरी त्या वेळी धड जिवंतही झालेली नसते. नऊ महिन्यांच्या आत उतरलेल्यांत पुन्हा तुटण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं. माझ्या क्लिनिकच्या फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा आहेत. एका पायावर तीन उड्या, आधी चांगल्या पायाने, मग शस्त्रक्रिया झालेल्या. दुसऱ्या पायाने पहिल्याच्या शंभरातले नव्वद तरी गाठले पाहिजेत, नाहीतर माझी सही नाही. ती अकराव्या महिन्यात पास झाली.

हिशेब करा. नऊ ते बारा महिने म्हणजे एक पूर्ण हंगाम. १९ ते २६ हा काळ धरला (माझ्या पाहण्यात आपल्याकडच्या मुलींचं वरच्या पातळीवरचं खेळणं साधारण एवढंच टिकतं) तर त्यात असं एखादं वर्ष जाऊ शकतं हे गृहीत धरावं. त्या वर्षात जिच्याकडे कॉलेज असतं ती परीक्षा देते. जिने ड्रॉप घेतलेला असतो ती छताकडे बघत बसते. हे मी पाहिलंय, आणि दुसरीला मनाच्या डॉक्टरकडे पाठवायची वेळही आलीय.

आणखी एक, जे वडील सहसा विचारत नाहीत. मुलीची पाळी दोन-तीन महिने चुकली आणि ती म्हणाली "सराव जास्त आहे म्हणून", तर ते नॉर्मल समजू नका. खाणं कमी आणि मेहनत जास्त झाली की शरीर आधी पाळी बंद करतं आणि मग हाडांतून वसुली करतं. पंचविशीत तडकणारी हाडं पन्नाशीत काय करतील? आईला विचारायला सांगा, आणि सरावाच्या दिवशी डबा एकाऐवजी दोन द्या.

आता डोकं. तुम्ही वाचलंय ते खरं आहे, पण अर्धं. २००३चा वर्ल्ड कप जिंकणाऱ्या इंग्लंडच्या संघातला हुकर स्टीव्ह थॉम्पसन याला ४२व्या वर्षी डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाचं, निदान झालं, आणि तो अंतिम सामना आपण खेळलो हे आपल्याला आठवतच नाही असं त्याने २०२० मध्ये जाहीर सांगितलं. माझीच जागा, माझंच काम. बातमी वाचली त्या रात्री मी माझ्या जुन्या सामन्यांचे स्कोअर आठवत बसलो होतो. वेल्सचा माजी कर्णधार रायन जोन्स याने २०२२ मध्ये, ४१व्या वर्षी, तेच सांगितलं. या आणि अशा अनेक खेळाडूंनी खेळाच्या संस्थांविरुद्ध इंग्लंडमध्ये दावेही लावलेत.

आकडा हवा असेल तर २०२२ मध्ये ग्लासगोच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या ४१२ माजी आंतरराष्ट्रीय खेळाडूंची तुलना १,२३६ सामान्य माणसांशी केली. मेंदू झिजवणारे आजार खेळाडूंत दुपटीहून जास्त आढळले, म्हणजे शंभरात साधारण ११, तर इतरांत ५. पण तेच खेळाडू सरासरीने इतरांपेक्षा दोनेक वर्षं जास्त जगले. आयुष्य लांब, डोकं धोक्यात, असा तो विचित्र निकाल. आणि माझ्या वरच्या मुद्द्याला छेद देणारी गोष्ट लपवत नाही: यातले पुष्कळसे हौशी जमान्यातले होते. म्हणजे सोमवारी कामावर गेल्याने पोट वाचतं, डोकं वाचत नाही. डोकं वाचवायचं ते मैदानावरच.

ते कसं? तुमची मुलगी कबड्डीतून आलीय म्हणून हे खास तुमच्यासाठी. कबड्डीच्या मुलींची पकड जबरदस्त असते, प्रशिक्षक खूश होतात. पण घोटा धरायला सूर मारायची सवय त्यांच्या अंगात मुरलेली असते, आणि डोकं कुठे जातंय याकडे लक्ष नसतं. रग्बीत डोक्याच्या दुखापती बॉल घेऊन पळणारीपेक्षा तिला अडवणारीला जास्त होतात. उजव्या खांद्याने टॅकल करायची, म्हणजे बॉल घेऊन पळणारीला धरून पाडायचं, तर आपलं डोकं तिच्या नितंबाच्या मागे, बाहेरच्या बाजूला जायला हवं. ते चुकून पुढे आलं की समोरचीचा गुडघा थेट कानशिलावर. मी दहा टॅकल बघितले तरी सांगू शकतो की ही मुलगी तीन वर्षांनी कुठल्या डॉक्टरकडे दिसेल. तुम्ही एकदा सरावाला जाऊन फक्त एवढंच बघा: तिचं डोकं कुठे जातं. बाकी खेळ नाही कळला तरी चालेल.

प्रशिक्षकांना विचारायचा प्रश्नही एकच: आठवड्यात पूर्ण अंगाला अंग भिडणारा सराव किती मिनिटं? रग्बीच्या जागतिक संघटनेने २०२१ मध्ये अव्वल व्यावसायिक संघांसाठी आठवड्याला १५ मिनिटांची मर्यादा सुचवली. जगातले सर्वोत्तम खेळाडू १५ मिनिटांत भागवत असतील तर आपल्या मैदानांवर रोज तासभर एकमेकींवर आपटण्याचं कारण नाही. शिबिरात हे विचारायला मुली घाबरतात, म्हणून तुम्ही विचारा.

आणि मार लागलाच तर? काही वर्षांपूर्वी नवी मुंबईतल्या एका मैदानावर एक खेळाडू पाणी प्यायला माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, स्कोअर काय?" सांगितला. दोन मिनिटांनी परत, "सर, स्कोअर काय?" ती बेशुद्ध पडली नव्हती, रक्त नव्हतं, चालत आली होती. तिसऱ्यांदा विचारल्यावर मी तिचे बूट काढून माझ्या पिशवीत टाकले. बुटांशिवाय परत जाता येत नाही, हा माझा जुना उपाय. डोक्याला मार बसल्याचा संशय आला की त्या दिवशीचा खेळ संपला, क्लब-कॉलेजच्या पातळीवर परत सामना किमान २१ दिवसांनी, तोही टप्प्याटप्प्याने आणि डॉक्टरांच्या होकारानंतर. त्या दिवशी तिला एकटीला लोकलने घरी पाठवू नका. उलट्या होत राहिल्या, डोकेदुखी वाढत गेली, गुंगी यायला लागली, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसल्या, तर सकाळची वाट न बघता इस्पितळ.

थोडं मागे वळून, म्हणजे धागा सुटणार नाही: पैसा आज नाही, कालावधी कुणाच्या हातात नाही, गुडघा एखादं वर्ष मागू शकतो, डोक्याचा धोका खरा आहे पण सरावाच्या पद्धतीने बराच कमी होतो. आता उरलं ते खेळानंतरचं.

माझ्या ओळखीचा एक जण राष्ट्रीय संघातून खेळलेला. आता पंचेचाळिशीचा. ठाणे-वाशी लोकलला कधी कधी भेटतो. उभं राहायला लागलं तर वरची कडी तो कायम डाव्या हाताने धरतो, उजवा हात कानाच्या वर जात नाही. एकदा मी म्हटलं, ये क्लिनिकला, बघू. तो म्हणाला, "खांद्याचं सोड रे. मला अजून शनिवारी दुपारी काय करायचं तेच कळत नाही." पंधरा वर्षं झालीत त्याला खेळ सोडून! नोकरी बरी आहे, मुलं शिकतायत. तरी. खेळाडू निवृत्त होतो म्हणजे नोकरी सुटलेली नसते, त्याला हाक मारायचं नाव बदललेलं असतं. ज्यांना या खेळातच दुसरं काम मिळालं, पंच झाले, शाळेत मुलांना शिकवायला लागले, त्यांना हा त्रास कमी झालेला मी पाहिला.

म्हणून ती खेळत असतानाच तिला पंच म्हणून शिट्टी हातात घ्यायला लावा. जागतिक संघटनेचे सुरुवातीचे ऑनलाइन अभ्यासक्रम फुकट आहेत, पुढे प्रशिक्षकाचा पहिल्या पातळीचा कोर्स करता येतो. बी.कॉम.नंतर बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) केलं तर शाळांचा रस्ता उघडतो. पंच झालेली खेळाडू नियम ओळखून जास्त चांगलं खेळते, हा वरचा फायदा.

सरकारी नोकरीचं: महाराष्ट्रात खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. सातजणींची रग्बी २०१६ पासून ऑलिम्पिकमध्ये आहे, एशियाडमध्ये तर त्याआधीपासून, त्यामुळे खेळ अनोळखी म्हणून अडायला नको. वरच्या पदांसाठी अटी कडक, खालच्यांसाठी त्या मानाने सैल, आणि शासन निर्णय बदलत असतात, तेव्हा भरतीची जाहिरात आली की त्या वेळचा निर्णय वाचा. पण माझ्याकडे येणाऱ्या मुलांचं गाडं अडतं ते कागदांवर. प्रमाणपत्राची विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयाकडून पडताळणी करून घ्यावी लागते, आणि ती जाहिरात आल्यावर करायला गेलं तर वेळ पुरत नाही. एका मुलाने हौसेने सगळी प्रमाणपत्रं लॅमिनेट केली होती, त्याला मागच्या शिक्क्यासाठी वणवण करावी लागली. आजपासून एक फाइल करा: मूळ प्रमाणपत्र, संघनिवडीचं पत्र, स्पर्धेचा निकाल, संघाची यादी. लॅमिनेशन नको.

घरची मेडिक्लेम पॉलिसीही काढून वाचा. खेळातल्या दुखापती वगळणारं कलम बारीक अक्षरात असतं. ठाण्यात एसीएलच्या शस्त्रक्रियेचं बिल खाजगीत दीड लाखाच्या पुढे जाताना मी बघतो, ते ऐन वेळी कळलेलं बरं नाही.

राहिला ड्रॉपचा प्रश्न. माझं स्पष्ट मत: शिबिराला पाठवा, ड्रॉप घेऊ देऊ नका. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. शिबिराचं पत्र घेऊन या आठवड्यात प्राचार्यांना आणि जिमखान्याच्या सरांना भेटा, खेळाडूंसाठी वेगळ्या परीक्षेची सोय होते का विचारा. बऱ्याच कॉलेजांत होते, पण परीक्षेच्या आधी अर्ज दिला असेल तरच. नाहीच झाली तर दोन विषयांत केटी लागू दे, म्हणजे ते विषय मागे राहतील आणि नंतर सोडवता येतील. केटी सुटते. ड्रॉप मात्र एकदा घेतला की पुढच्या वर्षी दुसरं शिबिर असतंच, आणि मग तिसरं. माझ्या ओळखीत "एकच वर्ष" म्हणून थांबलेले चार जण आहेत, त्यातल्या एकाने पदवी घेतली, तीही लग्नानंतर.

तिला हे तुम्ही सांगितलंत तर ती म्हणेल, बाबांना खेळ नकोय. म्हणून आधी शिबिराला हो म्हणा, तिकीट काढा, आणि मग केटीचं बोला. क्रम महत्त्वाचा आहे. त्यातूनही नाही ऐकलं तर एखाद्या शनिवारी तिला क्लिनिकला घेऊन या, तीन उड्यांची चाचणी दुखापतीच्या आधी करून ठेवलेली कधीही बरी, आणि त्या वेळी मी बोलेन.

जाण्याआधी एक काम. माउथगार्ड दातांच्या डॉक्टरांकडून मापाचा करून घ्या. त्याने डोकं वाचत नाही, दात आणि ओठ वाचतात, पण उकळत्या पाण्यात बुडवून चावून बसवायचा तो स्वस्तातला प्रकार बोलताना निसटतो, मग मुली तो काढून मोज्यात खोचतात आणि विसरतात. डबी पिवळी घ्या. काळी डबी किटच्या पिशवीत सापडत नाही.